व्लाखांचा पहिला उल्लेख: 587 की 976?
व्लाख म्हणजे बाल्कनमधले, लॅटिनपासून आलेली भाषा बोलणारे लोक. 587 साली बायझंटाइन सैन्यात उठलेल्या 'तोर्ना, तोर्ना, फ्रात्रे' ('मागे वळ, मागे वळ, भावा') या हाकेला कधीकधी त्यांचा पहिला उल्लेख म्हटलं जातं, ते पटत नाही. बायझंटाइन इतिहासकार थिओफानीसने नोंदवलेली ती हाक लॅटिन वळणाची आहे खरी, पण तिथे व्लाख हे नावच नाही. नावानिशी ते येतात 976 च्या सुमाराच्या घटनेत: बाल्कनमधल्या कास्तोरिया आणि प्रेस्पाच्या दरम्यान बल्गेरियन राजा सॅम्युएलचा भाऊ दावीद भटक्या व्लाखांच्या हातून मारला गेला. मात्र हे सांगणारा बायझंटाइन इतिहासकार स्किलित्झेस 11व्या शतकाच्या उत्तरार्धातला, त्यामुळे घटनेचा काळ आणि लिखाणाचा काळ वेगळे धरायलाच हवेत. त्याहून भक्कम म्हणजे बायझंटाइन सम्राट दुसऱ्या बेसिलची 1020 ची सनद. तिच्यात बल्गेरियातले व्लाख ओह्रिडच्या आर्चबिशपच्या अखत्यारीत दिलेत. अर्थात तिचा मजकूरही 1272 च्या सनदेतूनच आपल्यापर्यंत आलाय. व्लाखांचं राहणीमान कळायला मात्र 11व्या शतकातला बायझंटाइन लेखक केकाउमेनोसच वाचावा: एप्रिल ते सप्टेंबर बायकामुलं नि कळप डोंगरात!