मदत हवी आहे: गूगलटेस्ट (सी प्लस प्लस कोडच्या टेस्ट लिहायची लायब्ररी) अपडेट झालं आणि बिल्ड कोसळला

मंडळी, काल संध्याकाळपर्यंत सगळं नीट चालू होतं, आज सकाळी सीआय (आपोआप बिल्ड आणि टेस्ट चालवणारी यंत्रणा) बघतो तर लाल. आमच्या सीमेकमध्ये (बिल्ड कसा करायचा ते सांगणारं टूल) गूगलटेस्ट थेट मेन ब्रांचवरून ओढलं जातं (हो माहितीये, टॅग पिन करायला, म्हणजे एक ठरावीक आवृत्ती बांधून ठेवायला हवी होती, शिव्या नंतर घाला), प्रोजेक्ट सी प्लस प्लस १४ या भाषेच्या स्टँडर्डवर आहे आणि एरर येतोय की १७ पेक्षा जुनं स्टँडर्ड चालत नाही. शोधलं तर कळलं की गूगलटेस्ट १.१३ पासून सी प्लस प्लस १४ लागायचं, आता १.१७ पासून १७ लागतं.

मग म्हटलं सोप्पंय, सीमेकमध्ये १४ चं १७ करू, तर आमचाच जुना कोड बोंबलायला लागला. फंक्शनपुढे थ्रो लिहून कंसात एक्सेप्शनचं नाव दिलेलं १७ मध्ये चालतच नाही, आणि कोणीतरी स्वतःचा बाइट टाइप बनवून वर यूझिंग नेमस्पेस एसटीडी (स्टँडर्ड लायब्ररीतली सगळी नावं थेट वापरायची ओळ) टाकलंय त्यामुळे तो एसटीडीच्या बाइटशी भांडतोय. अशा शेकडो फायली आहेत राव.

आत्तापुरतं गूगलटेस्ट १.१६ वर पिन करून गाडी ढकलतोय. पण फक्त टेस्टच्या टार्गेटला १७ द्यायचं आणि मेन लायब्ररी १४ वरच ठेवायची, हे कोणी केलंय का? कंपायलर दोन्हीकडे एकच आहे, जीसीसी ९. लिंक होईल हो, भीती हेडरची (दोन्हीकडे वापरल्या जाणाऱ्या सामायिक फायलींची) आहे, त्यात स्टँडर्ड बघून कोड बदलणारे इफ आहेत, म्हणजे एकच स्ट्रक्ट दोन ठिकाणी दोन साइझचा झाला तर कुठे शोधत बसू?