‘जप्त’ म्हणजे सध्यापुरतं की कायमचं?

रात्रपाळी : मंडळाच्या अंकासाठी अमेरिकेतल्या ‘सिव्हिल ॲसेट फॉर्फिचर’वर लिहितेय. मालकावर गुन्हा सिद्ध झालेला नसतानाही त्याची रोकड, गाडी, घर कायमचं काढून घेता येतं, तो प्रकार. मी ‘नागरी मालमत्ता जप्ती’ असं लिहिलं होतं. आईनं वाचून विचारलं, “घरपट्टी थकली होती का गं त्यांची?” दुसरा शब्द सुचवा.

अर्धवकील : आईंचं बरोबर आहे. हा सिव्हिल म्हणजे फौजदारीच्या उलटचा, ‘दिवाणी’. पण ‘दिवाणी जप्ती’ म्हटलं की हुकूमनामा घेऊन दारात आलेला बेलीफ आठवतो. खरी गोची ‘जप्ती’चीच आहे. पोलिसांनी जप्त केलेली गाडी सुपूर्दनाम्यावर सोडवून आणता येते. निवडणुकीत अनामत जप्त झाली की गेली ती गेलीच. कायद्याच्या मराठीत पहिल्याला अभिग्रहण, दुसऱ्याला समपहरण. अंकात ‘समपहरण’ छापलंत तर लोक थेट पाककृतींच्या पानावर जातील.

पानसुपारी : ‘टाच’ चालेल का?

अर्धवकील : नाही. टाच आली तरी मालक तुम्हीच, फक्त विकता येत नाही. मनी लाँडरिंगच्या कायद्याखाली ईडी आधी आणते ती टाचच, तीही १८० दिवसांपुरती. पेपरात मथळा मात्र ‘कोट्यवधींची मालमत्ता जप्त’!

पानसुपारी : अवांतर : मूळ अरबी ‘ज़ब्त’ म्हणजे ताबा, आवर. उर्दूत अश्रू आवरणं हेही ज़ब्तच. कायमचं घेणं त्यात मुळात नाही.

रात्रपाळी : तिकडे खटला माणसावर नसतो, वस्तूवर असतो. २००६ च्या एका निकालाचं नावच ‘अमेरिका सरकार विरुद्ध १,२४,७०० डॉलर’. गाडीत अमली पदार्थ सापडले नव्हते, तरी रोकड गेली. १९९६ च्या बेनिस खटल्यात तर नवऱ्यानं गाडीत वेश्येबरोबर गैरकृत्य केलं, आणि गाडीतला बायकोचा निम्मा हिस्साही गेला. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं, तरी सुप्रीम कोर्टानं ते घटनाबाह्य ठरवलं नाही.

अर्धवकील : मग लेखात दोन टप्पे वेगळे दाखवाच, कारण सगळं भांडण त्यांच्या मधल्या काळाचं आहे. गाडी आज उचलली, ती कायमची घ्यायची की नाही याचा निकाल वर्षभरानं. तोवर कामावर कशानं जायचं? २०२४ च्या कली खटल्यात, गाडी ठेवून घ्यायची की नाही यावर आधी वेगळी सुनावणी हवी, ही मागणी सुप्रीम कोर्टानं फेटाळली. तुम्ही दोन्हीकडे ‘जप्त’ लिहिलंत तर वाचकाला वाटेल, एकाच दिवसात झालं सगळं.

रात्रपाळी : पटलं. आधी ‘ताब्यात घेतली’ आणि शेवटी ‘सरकारजमा झाली’. मथळा : ‘गुन्हा सिद्ध न होताच सरकारजमा’.

पानसुपारी : झकास! माझ्या आजोबांच्या तोंडी हा शब्द कायम असायचा. वतनं सरकारजमा व्हायची.

अर्धवकील : एक खोट काढतो, रागावू नका. सरकारजमा म्हणजे खजिन्यात. तिकडे बऱ्याच राज्यांत हा पैसा पोलिस खात्याकडेच राहतो. केंद्राच्या वाटणी योजनेत तर स्थानिक पोलिसांना ८० टक्क्यांपर्यंत वाटा मिळतो. सुधारणावाल्यांचा मुख्य आक्षेप तोच. न्यू मेक्सिकोनं २०१५ मध्ये गुन्हा सिद्ध होण्याची अट घातली आणि पैसा राज्याच्या तिजोरीत वळवला. म्हणजे तिथे तो खऱ्या अर्थानं सरकारजमा होतो.

रात्रपाळी : मग बाकीच्या राज्यांसाठी?

पानसुपारी : ‘पोलिसजमा’.