तान्ह्या बाळासाठी मुलगा-मुलगी दोघांनाही चालतील असे सुती कपडे हवे आहेत (जळगाव, भुसावळ, धुळे, नंदुरबार)

नमस्कार मंडळी,

मी भुसावळला असते. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आसपास मी आत्या होणार आहे. वहिनी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी, शहाद्याला गेली आहे. आमच्याकडे बारशाला झबलं, टोपडं आणि कुंची आणायचा मान आत्याचा असतो. शिवाय पहिल्या दोन-तीन महिन्यांचे घरातले कपडेही मीच घेणार आहे, आणि तिथेच अडलं आहे.

वहिनीचं मागणं एवढंच आहे: "ताई, कपडे असे घ्या की बाळ झाल्यावर बदलायची वेळ येणार नाही." त्यामागचं कारणही तिने सांगितलं. तिच्या बहिणीच्या वेळी घरच्यांनी निळ्या कपड्यांचे खोके आधीच आणून ठेवले होते. मुलगी झाली. ते खोके कुणी उघडलेसुद्धा नाहीत, तसेच कपाटावर गेले. भेटायला आलेल्या बायका गुलाबी फ्रॉक उशाशी ठेवायच्या आणि बाळंतिणीची समजूत काढायच्या, "असू दे, ते निळे पुढच्या खेपेला कामी येतील." टाके ओले असलेल्या बाईने हे रोज ऐकायचं. वहिनीला स्वतःच्या बाबतीत ते नको आहे. बाळ कुणीही येवो, त्याच्यासाठी घेतलेलं प्रत्येक कापड त्याच्याच अंगाला लागावं, असं तिला वाटतं. मलाही तसंच वाटतं.

जळगावला जाऊन आले. दुकानात शिरताच पहिला प्रश्न, "मुलगा आहे की मुलगी?" अजून जन्म व्हायचा आहे म्हटल्यावर दुकानदार म्हणाले, "मग मुलाचाच सेट घ्या ना, शुभ बोलावं." ते चांगल्या मनानेच बोलले असतील, पण मला फार लागलं. गर्भलिंग तपासणीवर बंदी घालणारा कायदा 1994 चा. तरीही 2011 च्या जनगणनेत आपल्या जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे मुली होत्या 842. अशा जिल्ह्यात झबलं विकतानाही 'शुभ' म्हणजे मुलगा, हे ऐकून तिथून काही घ्यावंसं वाटलं नाही.

कपडेही हातात घेऊन पाहिले. प्लॅस्टिकच्या खोक्यात पाच नगांचा सेट. एकावर मोटारगाडी आणि 'प्रिन्स', दुसऱ्यावर 'प्रिन्सेस' आणि गमाने चिकटवलेला सॅटिनचा बो. बो जरा ओढला तर कडेने सुटायला लागला, उद्या तो बाळाच्या तोंडात जाणार. फ्रॉक आतून उलटा केला तर कमरेला जाळीची टोकदार शिवण आणि घट्ट इलॅस्टिक. लेबलावर पॉलिएस्टर. आपल्याकडचा मे महिना म्हणजे पारा 45 च्या घरात, त्यात हे तान्ह्याला कसं घालायचं?

आमची आजी पारोळ्याची. तिला सांगितलं तर म्हणाली, "लेकरूनं आंग झाकायनं म्हंजे झायं, रंगनं काय एवढं?" तिच्या काळी जुन्या धोतराची, लुगड्याची झबली शिवायचे आणि घरातल्या सगळ्या पोरापोरींच्या अंगावर तीच फिरायची. पहिल्या संक्रांतीला बोरन्हाणात आपण मुलगा-मुलगी न बघता काळंच झबलं आणि हलव्याचे दागिने घालतो, तेव्हा कुणाला काही खटकत नाही. मग एरवीच हे कशाला?

मला हवंय ते असं: शंभर टक्के सुती, पातळ, पुढून उघडणारं, बंदांचं. रंग पांढरा, मोतिया, फिकट हिरवा किंवा पिवळा. नक्षी असलीच तर पानं, पक्षी, ठिपके. पुढे दिराच्या घरीही पाळणा हलेल, तेव्हा हेच कपडे तिथे जावेत इतके टिकाऊ.

तर विचारायचं हे की असं तयार कुठे मिळेल? शिवून घ्यायचं तर कापड कोणतं आणि किती? पिवळा रंग मला सगळ्यात सोपा वाटतो, घरातल्या कुणाचाच त्याला विरोध नसेल. आणि नातेवाईक जे निळं-गुलाबी आणतील त्यांना मन न दुखवता काय सांगायचं?

——

प्रतिसाद: कापूसवेचणी

ताई, शिवूनच घ्या. मी चाळीसगावला शिवणकाम करते, बाळंतविडे पुष्कळ शिवले आहेत.

कापड मलमल किंवा मऊ वायल. 36 इंची पन्ह्याचं अडीच मीटर आणलं तर तान्ह्या मापाची आठ झबली आरामात बसतात. बाही वेगळी न जोडता कापड दुमडून अंगातच बाही कापायची, म्हणजे काखेभोवती जोडाची शिवण येत नाही. कापायच्या आधी कापड रात्रभर पाण्यात ठेवून वाळवा. नवी मलमल आटते, आणि हे केलं नाही तर पहिल्याच धुण्यात झबलं आखूड होतं.

शिवण बाहेरच्या बाजूला ठेवायला सांगा. दिसायला उलटं शिवल्यासारखं वाटतं, पण बाळाच्या पाठीला काही टोचत नाही. बंद त्याच कापडाचे, कुशीत बांधायचे. बंद आखूडच ठेवा, आणि गळ्याशी नाडी अजिबात नको.

दुकानदार 'प्युअर कॉटन' म्हणाला तरी काठाचा एक धागा काढून काडीपेटीने जाळून बघा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि मऊ राख पडते. पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो. आपण सुरतेच्या गाडीच्या वाटेवर आहोत, तिकडचं कृत्रिम धाग्याचं कापड आपल्या बाजारात भरपूर येतं आणि हाताला कधीकधी सुतीपेक्षा मऊ लागतं. नुसत्या हाताने कळत नाही.

——

प्रतिसाद: गिरणाकाठ

जळगावात फुले मार्केटला कापडाची आणि तयार कपड्यांची दोन्ही दुकानं आहेत. सजवलेले सेट बाजूला ठेवून साधी 'होजिअरी झबली' मागा, सहा-सहाच्या गठ्ठ्यात येतात. हा माल बहुधा तिरुपूरचा, विणलेलं सुती कापड. रंग फिकट, वर छोटे ठिपके नाहीतर बदकं. ही झबली समोर मांडलेली नसतात, मागून काढून देतात. 'मुलगा की मुलगी' विचारलं तर "बाळ" एवढंच सांगायचं आणि माप सांगायचं. खादी भांडारातही मलमलीची चौकशी करून बघा. ऑनलाइन घेणार असाल तर 'युनिसेक्स' निवडा, पण कापडाचा तपशील वाचल्याशिवाय घेऊ नका.

——

प्रतिसाद: रातराणी

मी प्रसूती विभागात परिचारिका आहे. तुमच्या पिवळ्या रंगाबद्दल लिहावंसं वाटलं.

पहिल्या आठवड्यात पिवळे कपडे आणि पिवळं दुपटं शक्यतो टाळा. पुष्कळ बाळांना दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून कावीळ दिसू लागते. बहुतेक वेळा ती आपोआप उतरते, पण वाढतेय का यावर लक्ष ठेवावं लागतं. अंगाखाली-अंगावर पिवळं असेल तर त्याची छटा कातडीवर पडते आणि नुसत्या नजरेने अंदाज घेणं अवघड होतं. पहिले दिवस पांढरं वापरा, बाळ दिवसाउजेडी बघा. पिवळं बारशाला खुशाल घाला.

उन्हाळ्याचं म्हणाल तर जन्मल्यावर सुरुवातीला टोपडं घालतात, कारण बाळाच्या डोक्यातून उष्णता लवकर जाते. पण बाळ घरी आल्यावर भर मे महिन्यात टोपडं, मोजे, वर दुपटं असा थर चढवू नका. मानेच्या मागे हात लावून बघा. घामेजलेली लागली तर कपडे जास्त झाले. कूलरचा झोत थेट बाळावर नको. लंगोट नाळेच्या खाली बांधा, नाळ गळून पडेपर्यंत ती मोकळी आणि कोरडी राहायला हवी. पुढून उघडणारं झबलं तुम्ही मागताय, ते त्यासाठीही उत्तम.

आणि कृपया हे वाचून सोडून देऊ नका. जुन्या पेटीतली कुंची किंवा दुपटं काढणार असाल तर त्यात डांबरगोळ्या होत्या का ते बघा. त्या गोळ्यांतल्या रसायनाने काही तान्ह्या बाळांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि कावीळ धोक्याच्या पातळीला जाते. वास गेला की झालं, असं समजू नका. नवजात बाळाला असा कपडा घालूच नका हे उत्तम.

——

प्रतिसाद: पांझरा

धुळ्याहून लिहितोय. आमच्या मुलीच्या वेळी नातेवाइकांना आम्ही आधीच कळवलं होतं: "कपड्यांऐवजी साधी मलमल आणा, आम्ही शिवून घेतोय." लोक नाराज झाले नाहीत, उलट आहेर काय न्यायचा हा त्यांचा प्रश्न सुटला. माझ्या मावशीने तिच्या जुन्या सुती साड्यांची गोधडी शिवून आणली. ती अजून वापरात आहे, आता भावाच्या मुलाकडे. जे निळं-गुलाबी येईल ते सगळंच घालत चला. मुलीला निळं, मुलाला गुलाबी. चार दिवसांत कुणी बोलत नाही. तसंही 1918 साली अमेरिकेतल्या कपडेव्यापाराच्या एका मासिकाने गुलाबी मुलग्यांना आणि निळा मुलींना शोभतो असं छापलं होतं. हे रंग बाजाराने ठरवलेले आहेत.

——

धागाकर्ती:

सगळ्यांचे मनापासून आभार. रातराणी ताई, डांबरगोळ्यांचं वाचून लगेच आईला फोन केला. आमच्या घरातली जुनी कुंची, जी मी आणि भाऊ दोघांनी घातली होती, तीच बारशाला काढायचा विचार चालला होता आणि त्या पेटीत वर्षानुवर्षं गोळ्या आहेत. ती कुंची आता फक्त बघायला. नवी शिवणार, जुनीचं माप घेऊन.

ठरवलं ते असं. रुग्णालयासाठी आणि पहिल्या आठवड्यासाठी पांढऱ्या मलमलीची झबली, धुऊन, उन्हात वाळवून, वहिनीच्या पिशवीत आधीच भरून. त्यानंतर होजिअरीची फिकट हिरवी. बारशाला हळदी रंगाचं झबलं-टोपडं आणि तशीच कुंची, काठाला हिरव्या दोऱ्याची साधी टीप. लंगोट जुन्या सुती साड्यांचे, ते आजी फाडून देणार आहे, तिच्या साड्या कडुलिंबाच्या पाल्यात ठेवलेल्या असतात. आहेराचं वहिनीच्या आईशी बोलले. त्यांना मलमलीची कल्पना इतकी आवडली की त्यांनी स्वतःच शेजारपाजारी सांगायला सुरुवात केली आहे.

वहिनीला धाग्यातले प्रतिसाद वाचून दाखवले. थोडा वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, बहिणीकडचे ते निळे खोके मागवून घेऊया, तिच्या लेकीलाच घालूया. ती आता वर्षाची होतेय, त्यातलं मोठ्या मापाचं होईल अजून.

एक प्रश्न राहिला. वहिनी शहाद्याला असल्यामुळे बाळ झाल्यावर माप बघून आणखी झबली तिकडेच शिवावी लागतील. शहादा-नंदुरबार भागात काखेभोवती जोडाची शिवण न घेता, बंदांची झबली शिवणारं कुणी माहीत असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. कापड आम्ही देऊ.