ठाण्यात चर्च शोधताना: चार रविवार, एक प्रश्न आणि थोडी कागदपत्रं

प्रेषक: ठाण्याला परतणारी सदस्य

नमस्कार मंडळी,

जूनपासून आम्ही घोडबंदर रोडला राहायला येतोय. माझा बाप्तिस्मा लहानपणी सीएनआयमध्ये (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, प्रोटेस्टंट) झालाय. नवरा हिंदू घरातला. तो बायबल मनापासून वाचतो, पण त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हे त्याला पटत नाही. मराठी उपासना हवी आहे. चर्च चांगलं आहे हे ओळखायचं कसं?

प्रेषक: ठाणे, पाचपाखाडी

सलाम ताई,

तलावपाळीला सेंट जॉन द बॅप्टिस्ट आहे, रोमन कॅथलिक, पोर्तुगीज काळापासूनचं. सेंट जेम्स १८२५ चं, मूळचं अँग्लिकन (चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतलं), आता सीएनआयमध्ये. १९७० साली नागपुरात वेगवेगळ्या रीतींच्या सहा चर्चसंस्था एकत्र येऊन सीएनआय झालं, त्यामुळे लहानपणीचा आणि मोठेपणीचा असे दोन्ही बाप्तिस्मे तिथे मानले जातात. घोडबंदरकडून येताना पोखरण रोडला अवर लेडी ऑफ मर्सी हे कॅथलिक चर्च लागतं. मराठी उपासनेची मात्र ऑफिसात फोन करून खात्री करा. "मराठी आहे का" एवढंच विचारू नका, "कुठल्या रविवारी, किती वाजता" असं विचारा. एकाच इमारतीत तीन भाषांच्या उपासना असल्या की मराठीला कधी कधी महिन्यातला एकच रविवार मिळतो. अंतराचाही विचार करा. रविवारी सकाळी रस्ता मोकळा असतो, पण आठवड्यातल्या बायबल अभ्यासाला संध्याकाळी माजिवड्याला अडकायला होतं आणि पहिली सुटते ती हीच संध्याकाळ.

एका चर्चला सलग चार रविवार द्या. दर रविवारी नवीन चर्च पाहिलं तर फक्त गायन आणि पाहुणचार कळतो. चारांतला एक प्रभुभोजनाचा (येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा) असू द्या, बऱ्याच मंडळ्यांत, म्हणजे स्थानिक चर्चांत, तो महिन्याचा पहिला असतो. तुमच्या यजमानांचा बाप्तिस्मा झालेला नाही, म्हणून छोट्या कपांचा ट्रे बाकावरून फिरला तर त्यांनी तो शांतपणे पुढे द्यावा. मिस्सेत, म्हणजे कॅथलिक उपासनेत, कम्युनियनच्या (प्रभुभोजनाच्या) वेळी त्यांनी जागेवर बसून राहावं, कोणी वाईट मानत नाही. माहीत नसताना रांगेत जाऊन हात पुढे करणं मात्र लोकांना खरंच लागतं.

आता त्रैक्य. मला सगळ्यात महत्त्वाचं हेच वाटतं. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतला आणि त्यानंतरही त्रैक्यावर त्या पत्रांतून वाद घालत राहिल्या. म्हणजे शंका घेऊन आत येणारे तुमचे यजमान पहिले नव्हेत. त्यांनी पाळकांची (चर्चच्या धर्मगुरूंची) वेगळी वेळ घ्यावी आणि एकच नेमका प्रश्न विचारावा: "येशू अटकेआधी गेथशेमाने बागेत बापाला प्रार्थना करतो, मग तो स्वतः देव कसा?" पाळक बायबल उघडतात का, "वाचून सांगतो, पुढच्या आठवड्यात या" म्हणतात का, ते पाहा. "विश्वास कमी पडतोय" एवढंच उत्तर मिळालं, किंवा दुसऱ्याच भेटीत बाप्तिस्म्याची तारीख ठरवू लागले, तर तिथून निघा. कॅथलिक चर्चमध्ये प्रौढांची तयारी महिनोन्‌महिने चालते आणि स्नानसंस्कार (बाप्तिस्मा) बहुधा ईस्टरच्या आदल्या रात्री होतो. ज्याला प्रश्न आहेत त्याला ही सावकाशी मानवते.

प्रेषक: नेरुळ

ताई, थोडं कागदांचं. नवी मुंबईत आणि तुमच्या भागातही शाळेच्या किंवा सोसायटीच्या हॉलमध्ये भरणाऱ्या स्वतंत्र मंडळ्या भेटतील. तिथे प्रार्थना जिवंत असते, माणसं अडीनडीला धावून येतात. पण सभासद होण्याआधी चार गोष्टी विचारा. लहानपणीचा बाप्तिस्मा मानतात का? बऱ्याच ठिकाणी पुन्हा पाण्यात बुडवून घ्यायला सांगतात. पाळकांकडे १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याखालचं लायसन्स आहे का? नसेल तर उद्या लेकीच्या लग्नाची नोंद अडते. दफनभूमीत जागा कोणाकडून मिळते? हे आधी कोणी विचारत नाही आणि घरात माणूस गेल्यावर रात्री फोनाफोनी सुरू होते. शेवटचं, धर्मादाय आयुक्तांकडे ट्रस्टची नोंदणी आहे का, वर्षाचे हिशेब सभासदांपुढे ठेवतात का? दशांश (उत्पन्नाचा दहावा भाग) पाळकांच्या स्वतःच्या यूपीआयवर मागत असतील तर देऊ नका.

निघण्यापूर्वी सध्याच्या मंडळीकडून सभासदत्वाचं पत्र घ्या. बाप्तिस्म्याचा दाखला जिथे बाप्तिस्मा झाला तिथल्याच रजिस्टरवरून मिळतो. रजिस्टरमधलं स्पेलिंग पासपोर्टशी जुळवून पाहा.

प्रेषक: ठाण्याला परतणारी सदस्य

दोघांचे मनापासून आभार. मुलगी सात वर्षांची आहे. संडे स्कूलचं काय पाहू?

प्रेषक: ठाणे, पाचपाखाडी

वर्गात दोन मोठी माणसं आहेत का, दार उघडं असतं का, मुलांना न्यायला कोण येणार याची नोंद ठेवतात का, ते पाहा. तक्रार आली तर काय करता, असं सरळ विचारा. पॉक्सो, म्हणजे मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या, कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, तेव्हा "आम्ही आपसात मिटवतो" हे उत्तर चालायचं नाही. पहिल्या रविवारी दहा मिनिटं आधी या. गीतांची पुस्तकं बहुधा दाराजवळच्या टेबलावर असतात, दोन उचला, एक यजमानांना द्या.