मे महिन्यातला ताडोबा अर्धमेला नाही: कोस्टा रिकाच्या पोस्टला उत्तर

महालकर
नागपूरच्याच एका ताईंची कोस्टा रिकाच्या सहलीवरची पोस्ट आठवडाभर सगळ्या ग्रुपवर फिरतेय. फोटो सुंदर आहेत, त्याबद्दल तक्रार नाही. पण शेवटी त्या म्हणतात की मे महिन्यात ताडोबा-पेंचमध्ये धूळ खात वाळक्या काड्या बघण्यापेक्षा पैसे साठवा आणि एकदा तरी खरं वर्षावन बघा. तिथे पाऊल टाकताच प्राणी दिसतात, धबधबे बारमाही आहेत, आपलं जंगल अर्धमेलं आहे. हे वाचल्यावर गप्प बसवत नाही.

अर्धमेलं कसं? आपल्याकडे वर्षाला साधारण ११००-१२०० मिलीमीटर पाऊस पडतो, आणि तो जवळपास सगळा जून ते सप्टेंबरात. उरलेले आठ महिने झाडाला काढायचे असतात. पानांतून पाणी उडून जातं, म्हणून साग पानं टाकतो. त्याच उन्हात पळस फुलतो, मोह टपटपतो आणि अस्वलापासून चितळापर्यंत सगळे त्या झाडाखाली येतात. मे महिन्यात पाणवठे मोजकेच उरतात, आडोसा विरळ होतो, म्हणून तर जनावर नजरेला पडतं. वर्षावनात जमिनीपर्यंत जेमतेम दोन टक्के उजेड पोहोचतो आणि निम्म्याहून जास्त जीवसृष्टी वर, पानांच्या छतात असते. पाऊल टाकताच प्राणी दिसले असतील, तर ते दुर्बीण लावून उभ्या असलेल्या वाटाड्यामुळे.

आणि रानपिंगळा, ते छोटं घुबड? १८८४ नंतर हा पक्षी कुणाला खात्रीने दिसलाच नव्हता. १९९७ मध्ये तो शहाद्याजवळ सापडला आणि आज तो मेळघाटात चांगल्या संख्येने आहे. त्याला सदाहरित जंगल चालत नाही, हेच सागाचं मोकळं रान लागतं.

हिरवाई
ती पोस्ट माझीच आहे, त्यामुळे उत्तर मीच देते. तुम्ही पानगळीचा धडा शिकवलात, पण माझा मुद्दा सोडून दिलात. कोस्टा रिका आपल्या विदर्भाच्या जेमतेम निम्म्या आकाराचा देश आहे. तेवढ्यात पक्ष्यांच्या ९०० च्या वर जाती! १९८० च्या दशकात तिथलं जंगल पाव देशावर आलं होतं, आज ते निम्म्याहून जास्त जमिनीवर आहे. १९९६ मध्ये कायदा केला, इंधनावरच्या करातून शेतकऱ्याला झाडं राखण्याचे पैसे द्यायला लागले. मी ज्या घरी राहिले, तिथले काका पूर्वी गुरांसाठी जंगल तोडायचे. आता त्याच जमिनीवरून लोकांना पक्षी दाखवतात.

आणि आपल्याकडे? गेट, गाईड, जिप्सी म्हणजे सफारीची उघडी गाडी, असा सगळा खर्च करून मी आईला घेऊन गेले होते. मोराजवळ थांबा म्हटलं तर ड्रायव्हर म्हणाला, पुढे वाघाचा कॉल आहे, म्हणजे वाघ बघून बाकीची जनावरं ओरडतायत. साडेतीन तास आम्ही फक्त पळत होतो. आई सत्तरीची आहे, तिची कंबर आठवडाभर धरली होती. याला जंगल बघणं म्हणायचं का?

बजाजनगर
हिरवाईताईंशी सहमत. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-करांडला अभयारण्यात काय झालं ते आठवा. एफ-२ वाघीण आणि तिची पाच पिल्लं मधे, दोन्हीकडून जिप्स्या. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. महालकर, आधी यावर बोला, मग सागाच्या पानांवर.

गेटवरचा
मी गाईड आहे, कोणत्या गेटवर ते सांगत नाही. प्रत्येक वेळी गाईड अन् ड्रायव्हरच काऊन दोषी? गाडीत बसल्या बसल्या पहिला प्रश्न असते, "भाऊ, वाघ दिसन ना?" मी स्वर्गीय नर्तक पक्षी दाखवला, सर्पगरुड दाखवला, तर मागचे मोबाईल पाहून राह्यले. वाघ नाही दिसला त माह्यावर आवाज चढवते. ज्या दिवशी पाच गाड्यांतले लोक म्हणतीन का आम्हाले घाई नाही, त्या दिवशी कोणताच ड्रायव्हर पळवणार नाही.

बजाजनगर
म्हणजे नियम पर्यटकाने शिकवायचे का तुम्हाला? पगार कशाचा घेता मग?

गेटवरचा
पगार नाही भेटत दादा. फेरीमागं पैसे भेटते. १ जुलै ते ३० सप्टेंबर कोअर म्हणजे आतलं रान बंद, तेव्हा बफरमधे, म्हणजे त्याच्या भोवतालच्या रानात, नंबर लागला त लागला, नाहीतर धानाच्या रोवणीले जातो. माहीत नसन त बोलू नका.

नेचा
भांडण जिप्सीवर गेलं, पण धबधब्यांचा मुद्दा राहून जातोय आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. मी वनस्पतीशास्त्र शिकवते. चिखलदऱ्याचे धबधबे ऑगस्टमध्ये धो धो आणि मार्चमध्ये गप्प, हे खरं. पण पचमढीला जा. तोच सातपुडा, पण खडक वेगळा. चिखलदरा बेसाल्टचा, पचमढी वालुकाश्माची. तिथल्या खोल घळींमध्ये ऊन पोहोचत नाही, ओल टिकते, बी फॉल उन्हाळ्यातही वाहतो. आणि त्या घळींत वृक्षनेचे आहेत! खोडावर उभे राहणारे, छत्रीएवढे नेचे, जे बघायला लोक सह्याद्री किंवा ईशान्येला जातात. दोनशे पावलं वर आलं की पुन्हा सागाचं रान. विद्यार्थ्यांना मी मुद्दाम तिथे नेते. नागपूरकर मात्र बी फॉलखाली भिजतात, भजी खातात आणि परततात. हिरवाई, तू एवढ्या दूर जाऊन जे बघितलंस त्याचा एक तुकडा इथून दिवसभराच्या रस्त्यावर आहे.

महालकरांनाही एक सांगायचंय. वर्षावनाला कमी लेखू नका. जूनमध्ये आंबोलीला रात्री बॅटरी घेऊन उभे राहा. ७००० मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो तिथे. कानाशी बेडकांचा गजर, फांदीवर चापडा हा विषारी साप, आणि कातळसड्यावर तो छोटा बेडूक, आंबोली टोड, जो जगात फक्त त्याच परिसरात आहे. दिसायला उशीर लागतो म्हणून ते जंगल ताडोब्याहून उणं ठरत नाही.

महालकर
उणं मी म्हटलंच नव्हतं. तुलना त्यांनी सुरू केली. आंबोलीबद्दल मान्य, पण त्याच टोडवर पावसाळी पर्यटकांच्या गाड्या जातात, हेही लिहा. आणि इथे काहीच होत नाही असं चित्र नको. पेंचच्या जंगलातून जाणाऱ्या मनसर-खवासा रस्त्यावर जनावरांसाठी पुलाखालून वाटा सोडल्या आहेत आणि वाघ त्या वापरतात. पेंच २०२४ पासून डार्क स्काय पार्क आहे, म्हणजे तिथलं रात्रीचं आकाश दिव्यांच्या उजेडापासून जपलं जातं.

मोहफूल
मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाहीकडचा. कवापासून वाचून राह्यलो. कोणाले वाघ पाह्यचा, कोणाले बेडूक. आमच्या बाया एप्रिलमधे अंधारातच मोह वेचाले निघतेत. मोह रातीच्यान पडते, उशीर झाला त जनावर खाऊन जाते. वाकून वेचणारी बाई वाघाले माणूस वाटत नाही. माह्या मोठ्या मायले असंच नेलं. पैसे भेटले, नाही म्हणत नाही. पण मे लागला का तेंदूपत्ता, अन् पुन्हा त्याच रानात तिच्याच सुना. तुमची जिप्सी ज्या रस्त्यानं जाते त्या रस्त्यावर आम्हाले पाय ठेवाची बंदी आहे.

हिरवाई
दादा, वाईट वाटलं वाचून. पण हेच तर मी म्हणतेय. तिथे झाडं राखणाऱ्याच्या हातात पैसा जातो.

नेचा
त्यासाठी कोस्टा रिका कशाला? गडचिरोलीत मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, २०११ पासून गाव स्वतःचा बांबू विकतं. जंगल गावाच्या हातात दिलं तर ते राखलं जातं, याचं उदाहरण घरातच आहे.

मोहफूल
मेंढा-लेखा माहीत आहे ताई. पण आमचं गाव बफरमधे आहे, बाजूलेच कोअर, अन् वाघ वाढून राह्यले. कागद भेटला तरी मोह वेचाले बाईलेच जा लागते.

बजाजनगर
मग मोह वेचणं बंद करून दुसरा रोजगार घ्यावा, हाच उपाय.

गेटवरचा
कोणता रोजगार? एका गेटवर किती गाईड लागतात ते मले विचारा. गावात पोरं शंभर, जागा दहा. बंगलोरहून येऊन रिसॉर्ट टाकते, त्यात आमचे पोरं भांडे घासते. वर तुमी सांगता दुसरा रोजगार घ्या.

महालकर
बजाजनगर, ते वाक्य मागे घ्या. हिरवाईताई, तुम्ही पोस्टमधला तो शब्द बदला, माझं तेवढंच मागणं आहे.

हिरवाई
"अर्धमेलं" काढते. लोकांनी बाहेरची जंगलं बघावीत आणि जिप्सीचा हा धिंगाणा थांबावा, हे मत तसंच राहील. आईला घेऊन पुन्हा त्या गाडीत मी बसणार नाही.

गेटवरचा
आईले घेऊन बफरले या. गर्दी कमी राहते. मोर दिसला त मी थांबवतो गाडी, शब्द देतो.

मोहफूल
शब्द बदला नाहीतर ठेवा. एप्रिलमधे आमच्या बायांसोबत कोण चालन, ते इथं कोणीच लिहिलं नाही.