वनीकरणाच्या बियांची नोंदणी: ठाणे-नवी मुंबईच्या डोंगरांसाठी सक्तीची हवी का?

पारसिककर

पाऊस लागला की पारसिकवर, घोडबंदरच्या बाजूला, खारघरला टेम्पो भरभरून रोपं येतात. जात विचारली की लगेच सांगतात: ऐन, खैर, बहावा, करंज. बी कुठल्या रानातलं, किती झाडांवरून काढलेलं, असं विचारलं की उत्तर मिळतं, "नर्सरीचं." नर्सरीत विचारावं तर "व्यापाऱ्याचं." त्यापुढे कुणालाच काही माहीत नसतं.

सोयाबीनची पिशवी घेताना शेतकरी प्रमाणित बियाण्याचा निळा टॅग बघतो. पीक फसलं तर चार महिन्यांत कळतं आणि तक्रार करता येते. डोंगरावरचं झाड खुरटलं, त्याला फळच धरलं नाही, तर ते कळायला पंधरा-वीस वर्षं जातात. तोवर ठेकेदार, अधिकारी, नर्सरी, सगळे बदललेले असतात. खरं तर म्हणूनच इथे कागद जास्त पक्का हवा, आणि इथेच तो नाही. 1966 च्या बियाणे कायद्यात अन्नधान्य, तेलबिया, फळं-भाज्या, कापूस, वैरण येतं. जंगलातल्या झाडाचं बी त्या व्याख्येत बसत नाही. युरोपातल्या देशांनी त्याच 1966 साली वनबीजांच्या विक्रीसाठी वेगळा नियम केला आणि 1999 मध्ये तो नव्याने लिहिला. तिथे चार रंगांची लेबलं आहेत. फक्त उगम माहीत असलेल्या बियाला पिवळं, निवडलेल्या वनखंडातल्या (जंगलाच्या तुकड्यातल्या) बियाला हिरवं, बीजोद्यानातल्या (बियासाठीच लावलेल्या बागेतल्या) बियाला गुलाबी आणि चाचणीत सिद्ध झालेल्या बियाला निळं.

मी निळं मागत नाही. सरकारी किंवा कॅम्पाच्या (जंगलजमीन घेतल्याच्या भरपाईतून वनीकरणासाठी जमणाऱ्या निधीच्या) पैशातून लागणाऱ्या प्रत्येक रोपाला किमान पिवळं लेबल सक्तीचं करा. ठिकाण, मातृवृक्षांची (ज्यांवरून बी काढलं त्या झाडांची) संख्या, गोळा केल्याचा महिना. 2017 ते 2019 या तीन पावसाळ्यांत राज्याने 4, 13 आणि 33 कोटी रोपांची उद्दिष्टं घेतली. एवढ्या रोपांचं बी कुठलं, हे विचारायला नको का?

मुरबाड_रोपवाटिका

मी रोपं विकतो, त्यामुळे माझा स्वार्थ आहे हे आधीच धरून वाचा. या सक्तीला माझा विरोध आहे.

आमच्याकडे बी कोण आणतं? कातकरी आणि ठाकर बाया. शिवणीची फळं, बेहडे, बहाव्याच्या शेंगा गोळा करून आणतात आणि त्याच दिवशी रोख पैसे घेऊन जातात. त्यांच्याकडून तुम्ही अर्ज, शिक्का, नमुना, प्रयोगशाळेचा दाखला मागणार. तो त्यांना जमणार नाही. मग मधे एक परवानाधारक एजंट उभा राहील, बाईला आज मिळतात त्याच्या निम्मे देईल आणि कागद मात्र चोख करून देईल. बी तेच, टॅग नवा.

दुसरं. जांभळाचं बी वाळलं की मेलं. कडुनिंबाचं काही आठवड्यांत उगवणं बंद होतं. मोहाचंही तसंच. याची उगवणचाचणी लावून दाखल्याची वाट बघत बसलो तर दाखला येईल तेव्हा हातात कचरा असेल. पिकाच्या बियाचे नियम रानाच्या बियाला लावता येत नाहीत.

आणि निविदा बघा. त्यात रोपाची उंची, पिशवीचा आकार आणि दर असतो. सगळ्यात कमी दरवाल्याला काम. माझ्याकडे चांगलं बी आहे म्हणून मला चार पैसे जास्त, असं कधी झालेलं नाही.

खारघर_वनस्पतीशास्त्र

दादा, निविदेबद्दल तुमचं बरोबर आहे. पण बी कुठलंही चालतं, असा सूर लागू नये म्हणून लिहिते.

बी गोळा करणारा साहजिकच सोपं झाड धरतो. रस्त्याकडेचं, एकटं, फळांनी लगडलेलं. एका झाडावर पोतं भरतं, मग दहा झाडं कोण फिरणार? अशा एकट्या झाडाला शेजारच्या झाडाचा पराग कमी मिळतो. काही जातींमध्ये फळ धरतच नाही, आणि जिथे धरतं तिथे बरंचसं बी स्वतःच्याच परागाचं असतं. रोपवाटिकेत ही रोपं हिरवीगार दिसतात, कारण पाणी आहे, शेणखत आहे, सावली आहे. डोंगरावर गेल्यावर त्यांची वाढ मंदावते, कीड लवकर लागते. आणि समजा जगली, तरी अख्खा उतार एकमेकांच्या सख्ख्या भावंडांनी भरतो. पुढे ती आपसातच फळणार, आणि दुसऱ्या पिढीत खोट वाढत जाणार. आपण जंगल लावतोय, रस्त्यालगतची शोभेची रांग नाही. या झाडांनी पुढे स्वतःचं बी स्वतः पेरायचं आहे.

म्हणून माझ्या लेखी लेबलावरची सगळ्यात महत्त्वाची ओळ मातृवृक्षांची. निदान पंधरा झाडं, एकमेकांपासून अंतर राखलेली, आणि प्रत्येकाचं बी साधारण सारखं. याला प्रयोगशाळा लागत नाही, पायपीट लागते.

ठिकाणाचंही तसंच. ठाण्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, मराठवाड्यात सात-आठशे. दोन्हीकडच्या झाडाला आपण खैरच म्हणतो, पण शेकडो पिढ्या वेगळ्या पावसात वाढलेली ती झाडं आहेत. सागाच्या निरनिराळ्या ठिकाणच्या बियांच्या आंतरराष्ट्रीय चाचण्या 1970 च्या दशकात झाल्या. त्यात भारतातलं बीही होतं. उगमाप्रमाणे वाढ आणि खोडाचा सरळपणा बदलतो, हे त्यातून दिसलं. सागाला निदान बीजोत्पादन क्षेत्रं राखलेली आहेत. आपल्या हुंबाला, आसाण्याला, किंजळीला कोण विचारतं?

घणसोली_डोंगरवाट

तुम्ही सगळे बियावर भांडताय, पण लावायचंच कशाला? इथल्या गवळीदेव डोंगराच्या वरच्या अंगाला जाऊन बघा. ऐनाचे, पळसाचे, साग-करवंदीचे बुंधे जमिनीत जिवंत आहेत. दर पावसात फुटतात आणि दर फेब्रुवारी-मार्चमध्ये गवताला लावलेल्या वणव्यात जळतात. त्यांचं बी शंभर टक्के स्थानिक आहे, लेबल न लावताही. तीन वर्षं जाळरेषा (वणवा अडवायला गवत काढून मोकळा ठेवलेला पट्टा) नीट काढा, राखणदार ठेवा, चराई आवरा. फुटवे माणसाच्या वर जातील.

प्रमाणनासाठी एक यंत्रणा उभी करायची म्हणजे इमारत, निरीक्षक, गाडी. पिकांसाठी अकोल्याला आहे, तशी रानासाठी आणखी एक. ते पैसे वणव्याच्या मोसमात दोन पाड्यांतल्या पोरांना मजुरी म्हणून द्या. माझा सक्तीला विरोध आहे, कारण तिच्यामुळे लावणीलाच आणखी प्रतिष्ठा मिळेल.

खाडीकाठ_ऐरोली

कांदळवनाला हा वाद फारसा लागू नाही. कांदळाचं बी झाडावरच रुजतं, लांब शेंगेसारखं रोप खाली पडतं. ते थोड्याच दिवसांत लावावं लागतं, साठवून ठेवता येत नाही. ठाणे खाडीत लावायचं तर त्याच खाडीतलं घ्यावं, एवढा एक नियम पुरे. उलट चिखलाची जागा चुकीची निवडली की कितीही चांगलं बी वाहून जातं.

पारसिककर

मुरबाडच्या दादांना: तुम्ही नोंद आणि प्रमाणन एक धरताय. मूळ बियाणे कायद्यातही प्रमाणन ऐच्छिक आहे. सक्ती आहे ती अधिसूचित (सरकारने जाहीर केलेल्या) वाणांच्या लेबलाची. मीही तेवढंच मागतोय. जांभूळ, कडुनिंब, मोह यांना उगवणचाचणी नकोच, फक्त जागा आणि झाडांची संख्या लिहा. आणि एजंटच का यावा? वन हक्क कायदा 2006 चा आहे. सामूहिक हक्क मिळालेल्या ग्रामसभेला गौण वनोपज गोळा करण्याचा आणि विकण्याचा अधिकार आहे. पुरवठादार म्हणून ग्रामसभेचंच नाव नोंदवा. बाईला पैसे त्याच दिवशी मिळतील, नोंदवही ग्रामसभेची राहील.

घणसोलीकरांशी अर्धा सहमत. जिथे बुंधे जिवंत आहेत तिथे खड्डाही खणू नये. पण पारसिकच्या खाणींच्या भागात माती उरलेली नाही, बुंधे कुठून असणार? तिथे लावावंच लागेल, आणि तिथलं ऊन, तिथला मुरूम बघता कमकुवत बी टिकणारच नाही.

निवृत्त_वनपाल

नोकरीत रोपवाटिका सांभाळल्या आहेत, म्हणून दोन शब्द.

लेबलावर विश्वास ठेवू नका. बी हातात घेऊन ते मुरबाडचं की मराठवाड्याचं हे कुणीही सांगू शकत नाही. खोटं लिहिणं फुकट आहे. म्हणून नोंदणी पिशवीची नको, झाडांची करा. जंगलात चांगला वनखंड निवडायचा, मातृवृक्षांवर रंगाने क्रमांक टाकायचे, नकाशात जागा दाखवायची. गोळा करायच्या दिवशी वनरक्षक हजर. त्या खंडातून वर्षाला किती बी निघू शकतं याचा अंदाज असतोच, त्याच्या तिप्पट लेबलं बाजारात दिसली तर चोरी उघडी पडते.

आणि मॅडम, "स्थानिक तेच उत्तम" हेही फार ताणू नका. आज लावलेलं ऐनाचं झाड शंभर वर्षं उभं राहील. तोवर उन्हाळा आजच्यासारखाच असेल असं धरून चालत नाही. थोडं बी आपल्यापेक्षा कोरड्या, उष्ण भागातलं मिसळावं, या मताचा मी आहे. पण मिसळलं तर ते कुठे आणि किती, हे लिहिलेलं हवं. म्हणजे नोंद लागतेच, तुम्ही म्हणता त्याच्या उलट कारणासाठी.

खारघर_वनस्पतीशास्त्र

काका, मिसळण्याला माझी हरकत आहे. कोरड्या भागातलं झाड दोन महिने मुळाशी पाणी साचलेलं सोसेल का, याची चाचणी आधी छोट्या तुकड्यावर करा. अख्ख्या डोंगरावर प्रयोग नको. क्रमांक टाकलेल्या झाडांचं मात्र पूर्ण पटलं. माझ्या लेबलापेक्षा ते बरं.

मुरबाड_रोपवाटिका

झाडांवर क्रमांक टाकून नोंदणी होणार असेल तर मी विरोध सैल करतो, पण एका अटीवर, आणि ती कुणी बोलत नाही म्हणून सांगतो. आम्हाला रोपांची मागणी येते मे महिन्यात, जुलैच्या लावणीसाठी. ऐन, बिवळा, खैर यांचं बी हिवाळा-उन्हाळ्यात काढायचं असतं, आणि डोंगरावर टिकेल असं रोप तयार व्हायला दीड वर्ष हवं. मेमध्ये मागितल्यावर मी हातात असेल ते देणार, दुसरं काय? दोन वर्षं आधी लेखी मागणी आणि काही आगाऊ रक्कम द्या. मग पंधरा काय, वीस झाडांचं बी वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवून दाखवतो. ही अट नसेल तर नोंदवह्या मेमध्ये बसून मागच्या तारखेने भरल्या जातील.

आणि चांगली झाडं येऊरला आहेत. तिथून काढू देणार का?

निवृत्त_वनपाल

नाही. येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे उद्यानातलं काही बाहेर न्यायचं तर त्याच उद्यानातल्या वन्यजीवांच्या भल्यासाठी लागतं, तेही परवानगीने. पारसिकवर लावायला येऊरचं बी हे कारण त्यात बसणार नाही. तानसा अभयारण्य आहे, तिथेही जवळपास तेच. उरतात शहापूर-मुरबाडकडची राखीव वनं. सुरुवात तिथे करावी लागेल. ऐन, बिवळा, हुंब या तीन जाती घ्या. येत्या जानेवारीत फिरून झाडं हेरली तर पहिलं नोंदीचं बी त्याच उन्हाळ्यात हाती येईल.

घणसोली_डोंगरवाट

झाडं हेरली की लगेच त्यांच्याखालची जाळरेषा काढून घ्या मग. खालचं गवत पेटलं तर हेरलेल्या झाडांचं पडलेलं बीही जाईल.