बंद झालेली छोटी लाइन गूगल अर्थवर शोधायचीय, मदत करा

दांडियाबाजार_बडोदा
नमस्कार मंडळी, माझे आजोबा (आईचे वडील) बडोद्याच्या प्रतापनगर ते जंबुसर नॅरो गेजवर गार्ड होते. आता नव्वदीला आलेत, नजर कमी झालीय पण आठवतं सगळं, गाडी कुठे हळू व्हायची, कुठल्या फाटकापाशी त्यांना ताक मिळायचं, रोज एकेक सांगतात. ती लाइन बंद झाली. मला ती प्रतापनगरपासून जंबुसरपर्यंत अख्खी टीव्हीवर मोठी करून त्यांना दाखवायचीय. गूगल मॅप्समध्ये सॅटेलाइट लावून बघितलं, पादरापर्यंत कसंबसं सापडतं आणि मग शेतांमध्ये हरवतं. ब्राउझरमध्ये गूगल अर्थ उघडतो, त्यापुढचं मला काही येत नाही. कुणी नीट सांगेल का?

बांधावरचा
दादा, आधी कॉम्प्युटरवर गूगल अर्थ प्रो टाका, ब्राउझरवालं नाही. 2015 पासून फुकट आहे, त्याआधी वर्षाचे 399 डॉलर घ्यायचे. वरच्या पट्टीत घड्याळाचं चिन्ह आहे ते दाबा, एक सरकपट्टी येईल, ती मागे ओढली की त्याच जागेचे जुने फोटो येतात. रूळ उखडायच्या आधीचा फोटो मिळाला तर अर्धं काम झालंच.

पण मुख्य गोष्ट वेगळी आहे. महिना बघा. पावसाळ्यानंतरच्या फोटोत कपाशी आणि तुरीने सगळं झाकलेलं असतं, एप्रिल-मेचा फोटो घ्या, काळी माती उघडी असते आणि जिथे खडी पडलेली होती तो पट्टा फिका दिसतो. रूळ नसले तरी रेल्वेचं वळण लपत नाही. बैलगाडीचा रस्ता बांधाला धरून काटकोनात वळतो, रेल्वे तशी वळू शकत नाही, तिचं वळण लांबलचक आणि एकसारखं असतं. सगळे बांध चौकोनी आणि मधूनच एक बांध कोयत्यासारखा वाकलेला दिसला की तिथे थांबा, दोन्ही बाजूची शेतं त्या रेषेवर तिरकी कापलेली असतील. मी मियागाम-डभोईच्या बाजूला असंच तासन् तास बघत बसतो, तिथे 1862 मध्ये पहिल्यांदा गाडी चालली तेव्हा बैल ओढायचे, इंजिनं नंतर आली.

नकाशावेडी
वरचं सगळं बरोबर आहे, त्यात एक भर घालते. जुना नकाशा वर पसरा. अमेरिकन सैन्याने 1950 च्या दशकात भारताचे अडीच लाखांत एक या प्रमाणाचे नकाशे छापले होते, यू 502 मालिका म्हणतात, टेक्सास विद्यापीठाच्या लायब्ररीच्या साइटवर स्कॅन करून ठेवलेत, बडोद्याचा भाग डाउनलोड करा. मग अर्थ प्रोमध्ये ॲड मेनूतून इमेज ओव्हरले घ्या, हिरव्या रेघा ओढून नकाशावरचं बडोदा आणि जंबुसर खालच्या खऱ्या गावांवर बसवा, आणि पारदर्शकतेची पट्टी अर्ध्यावर आणा. पहिल्या खेपेला नीट बसत नाही, धीर धरा. नदीचं वळण धरून बसवू नका, नदी सरकते, मोठं स्टेशन किंवा जुना तलाव धरा. एवढ्या लहान प्रमाणात शे-दोनशे मीटरचा फरक राहणारच, पण कुठल्या शेतात शोधायचं ते कळतं आणि तेवढंच हवंय.

अलकापुरी_७
अर्थ प्रोमध्ये पाथ (नकाशावर ओढायची रेघ) काढून त्यावर राइट क्लिक केलं की एलिव्हेशन प्रोफाइल, म्हणजे उंचीचा आलेख येतो, त्यात रेल्वेचा भराव दिसेल ना?

बांधावरचा
नाही दिसणार भाऊ. तिथली उंची बरीचशी 2000 सालच्या अंतराळ शटलच्या रडार मोजणीतून आलीय, साधारण 30 मीटरला एक आकडा, दोन-चार मीटर रुंद भराव त्यात विरघळून जातो. डोंगरातल्या रस्त्याला ते प्रोफाइल छान, आपल्या सपाट कानमात (जंबुसरकडचा काळ्या मातीचा भाग) उपयोग नाही.

नकाशावेडी
आणि ओपनरेलवेमॅप पण उघडून बघा, ओपनस्ट्रीटमॅपवर लोकांनी बंद लाइनी पण टाकलेल्या असतात. तिथे तुकडा मिळाला तरी डोळे झाकून धरू नका, फोटोशी ताडून बघा, आणि चुकीचं असेल तर तुम्हीच दुरुस्त करा, खातं उघडायला पैसे लागत नाहीत.

दांडियाबाजार_बडोदा
सगळ्यांचे मनापासून आभार, शनिवारी दुपारी बसलो ते रात्री जेवायलाच उठलो. जुन्या उन्हाळ्यातला एक फोटो लावला आणि पादराच्या पुढे जिथे हरवायचं तिथे खरंच एक वाकलेला बांध निघाला, त्याच्या कडेने बाभळींची रांग, मध्येच नाल्यावर दोन पांढरे ठिपके. पाथने ती रेघ लाल केली, केएमएल (गूगल अर्थची फाइल) म्हणून सेव्ह केली.

रविवारी आजोबांना टीव्हीसमोर बसवलं. त्यांना चित्र पुसटच दिसतं म्हणून मी झूम करत सांगत गेलो, आता डावीकडे तळं आलं, आता गाव मागे गेलं. त्या दोन ठिपक्यांपाशी आलो तर मी बोलायच्या आधीच म्हणाले, इथे नाला असेल बघ, पावसात रूळ तपासणारा पेट्रोलमन कंदील घेऊन पुढे चालायचा तेव्हा आम्ही गाडी सोडायचो. मी त्यांना नाल्याचं काहीच सांगितलं नव्हतं.

आता एक विचारायचंय. ते जे सांगतात ते त्या त्या ठिकाणी पिन लावून त्यातच लिहून ठेवता येईल का, आणि त्यांचा आवाज पण जोडता येईल का?

नकाशावेडी
काका किती मोठी गोष्ट आहे ही, आजच करा. पिनच्या डिस्क्रिप्शनमध्ये हवं तेवढं लिहा. आवाज फोनवर रेकॉर्ड करा, गूगल ड्राइव्हवर टाका आणि त्याची लिंक डिस्क्रिप्शनमध्ये द्या, पिनवर क्लिक केलं की उघडेल. फाटकांची नावं ते जशी उच्चारतात तशीच लिहा, नकाशावरचं नाव बाजूला. रोज पंधरा मिनिटंच बसवा, थकवू नका. आणि सेव्ह केलेली केएमएल ईमेलने घरातल्या दोघा-तिघांना पाठवून ठेवा, एकाच लॅपटॉपवर राहू देऊ नका.

दांडियाबाजार_बडोदा
आज पहिली पिन लावली, ताकवाल्या फाटकाची.